कंपनीतला पाव, कॉन्क्लेव्हमधली चावी

भाच्याला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पहिली नोकरी लागली. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी नेमणुकीचं पत्र घेऊन तो फोंड्याला आमच्याकडे आला. टेबलावर चहा होता, पातळ भाजी होती आणि पाववाला पोदेर नुकताच देऊन गेलेले उंडे, म्हणजे गोव्यातले पाव, होते, अजून कोमट. सायकलच्या मागे वेताची टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. त्या भोंग्याची पों-पों ऐकल्याशिवाय गोव्यात सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

पत्र इंग्रजीत होतं. कंपनी, सॅलरी, पेमेंट, बोनस, पॅन कार्डाची प्रत, पीएफपोटी 12 पर्सेंट कपात. भाचा उंड्याचा तुकडा भाजीत बुडवता बुडवता म्हणाला, "मामा, पावाला पाव का म्हणतात रे?"

भावोजींचं उत्तर तयार होतं. पूर्वी पीठ पायांनी मळायचे, म्हणून पाव. ताई म्हणाली, तसं नाही, मोठ्या लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, पावशेरातला असतो तसा. दोन्ही उत्तरं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, तुम्हीही ऐकली असतील. दोन्ही चुकीची आहेत. पण ती चुकीची आहेत हे कळतं कसं, ही गोष्ट मला उत्तराहूनही मोलाची वाटते. म्हणून भाच्याला त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे नीट मांडतो आहे. त्याच्या ताटातला पाव आणि त्याच्या पत्रातली कंपनी हे एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत. ते आपल्यापर्यंत दोन वेगवेगळ्या वाटांनी आले, आणि गोव्यात एकाच टेबलावर भेटले.

आधी पाव. पोर्तुगीज भाषेत भाकरी-रोटी-ब्रेड या सगळ्याला 'पांव' म्हणतात. शेवटचा 'आंव' नाकातून सोडायचा. पोर्तुगीज 1510 साली गोव्यात आले, भट्टीत भाजलेला गव्हाचा पाव त्यांच्याबरोबर आला आणि नावही आलं. नाकातला सूर आपण वाटेत टाकला, 'पाव' ठेवला. पाव भाजणारा तो त्यांचा 'पादेइरू', आपला पोदेर.

"हे झालं तुझं म्हणणं, पुरावा काय?" भावोजींनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. पुरावा जपानात आहे. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानला पोचले, आणि जपानी भाषेत ब्रेडला आजही 'पान' म्हणतात. तिथे पायाला पाव म्हणत नाहीत, चतुर्थांशालाही नाही. पायांनी मळण्याची किंवा चौथ्या हिश्श्याची गोष्ट खरी असती तर जपान्यांना तो शब्द सुचण्याचं काहीच कारण नव्हतं. दोन दूरच्या देशांत एकाच वस्तूला जवळजवळ एकच नाव, आणि दोन्हीकडे ती वस्तू घेऊन जाणारे लोक तेच. शिवाय हा शब्द पोर्तुगालमध्ये त्यांची गलबतं इकडे निघण्याच्या कितीतरी आधीपासून होता.

मग पावशेरातला पाव कोणता? तो वेगळा शब्द. संस्कृत 'पाद' म्हणजे पाय, आणि चार पायांपैकी एक म्हणून चौथा भाग. त्यातला 'द' झिजून मराठीत 'पाय'ही झाला आणि 'पाव'ही झाला. म्हणजे मराठीत आज दोन 'पाव' आहेत, दिसायला जुळे, पण आईबाप निराळे. असे शब्द दिसले की माणसाचं मन त्यांना जोडून एक गोष्ट रचतं. मी याला दोष देत नाही. शब्द कुठून आला असेल याचं कुतूहल सगळ्यांनाच असतं. फक्त अशी गोष्ट जितकी चटकन पटते तितकी ती तपासून घ्यावी.

आता पोर्तुगीजच्याही मागे जाऊ. पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, रुमानियन या लॅटिनच्या मुली. मराठी, हिंदी, बंगाली, गुजराती यांचं मूळ जसं जुन्या प्राकृतांमधून संस्कृतापाशी जातं, तसंच हे. ब्रेडला इटालियनमध्ये म्हणतात 'पाने', स्पॅनिशमध्ये 'पान', फ्रेंचमध्ये 'पँ', पोर्तुगीजमध्ये 'पांव'. लॅटिनमध्ये हा शब्द होता 'पानिस'. कोशात 'पानिस' सापडतो तो प्रथमेतला. पण या मुलींनी बहुतेक नामं द्वितीयेच्या रूपावरून घेतली आहेत, आणि ते रूप 'पानेम'. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपणही 'घोडा' म्हणतो, पण प्रत्यय लावताना 'घोड्या-' करतो. कोशातलं रूप एक, वापरात घासलं जाणारं रूप दुसरं.

खरी गंमत पोर्तुगीजमधल्या 'न'ची आहे. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये असलेला 'न' पोर्तुगीजने सोडून दिला, कधी नाकातला सूर मागे ठेवून, कधी तोही न ठेवता. शेजारच्या स्पॅनिशने तो राखला. चंद्र लॅटिनमध्ये 'लूना', स्पॅनिशमध्ये 'लूना', पोर्तुगीजमध्ये 'लुआ'. मुकुट लॅटिनमध्ये 'कोरोना', स्पॅनिशमध्येही 'कोरोना', पोर्तुगीजमध्ये 'कोरोआ'. चांगली म्हणजे लॅटिन 'बोना', पोर्तुगीज 'बोआ'. गोव्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून ऐकू येणारं 'बोआ तार्द' आहे ना, शुभ दुपार, त्यातली ही बोआ. आणि पाव भाजणारा? स्पॅनिशमध्ये 'पानादेरो', पोर्तुगीजमध्ये 'पादेइरू'. स्पॅनिश शब्दातला 'न' काढा, आपला पोदेर उभा राहतो.

हेच आपल्याकडेही घडलं आहे. कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार झाला, सुवर्णकाराचा सोनार झाला. तिन्हींत मधला 'क' गेला. एखाद्याच शब्दात गेला असता तर योगायोग म्हटलं असतं. रांगेने गेला म्हणून तो नियम. शब्दाचं मूळ शोधणाऱ्याचा सगळा भरवसा या रांगेवर असतो. दोन शब्द कानाला सारखे लागतात, याला काही किंमत नाही. ते ज्या ठिकाणी वेगळे आहेत तो वेगळेपणा नियमाने समजावता येतो का, याला किंमत आहे.

इथे भाच्याने शंका काढली. इंग्रज तर ब्रेड म्हणतात, त्यात पानिस कुठे? बरोबर. 'ब्रेड' लॅटिन नाहीच. इंग्रजी मुळात जर्मन कुळातली भाषा, आणि तिची रोजची घरगुती संपत्ती त्याच कुळातली. पण 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीचा सरदार विल्यम याने इंग्लंड जिंकलं. राजा, दरबार, न्यायालय, सैन्य, मुदपाकखाना, सगळीकडे फ्रेंच बोलणारे बसले. त्यांच्याबरोबर लॅटिनच्या नातवंडांचा लोंढा इंग्रजीत शिरला. 'पँट्री' हा त्यातला एक. फ्रेंचमधली 'पानेतेरी' म्हणजे पाव ठेवायची खोली, कोठार. आज गोव्यातल्या हॉटेलांत पँट्रीमध्ये कपबशा, साखर आणि चहाची पाकिटं ठेवतात, पण नावाने ती पावाची कोठीच आहे.

आणि दुसरा शब्द कंपनी. तो सोडवून पाहा. लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे सह. 'कॉम' अधिक 'पानिस', त्यातून 'कॉम्पानियो': ज्याच्याबरोबर आपण पाव खातो तो. सोबती. सीझर किंवा सिसेरोच्या लॅटिनमध्ये हा शब्द नाही. तो सापडतो फ्रँक लोकांच्या कायद्यात, सहाव्या शतकातल्या 'लेक्स सालिका'मध्ये. फ्रँक ही जर्मन कुळातली टोळी. रोमन सत्ता ढासळल्यावर त्यांनी आजच्या फ्रान्सच्या भूमीवर राज्य केलं आणि आपले रिवाज लॅटिनमध्ये लिहून काढले. त्या कुळातल्याच गॉथिक भाषेत सोबत्याला 'गहलैबा' म्हणत. 'ग' म्हणजे सह, 'हलैफ्स' म्हणजे पाव. रचना तीच. म्हणून अभ्यासकांचं मत असं की कॉम्पानियो हा जर्मन शब्दाचा लॅटिन अवतार असावा, तुकड्याला तुकडा लावून केलेला. आपण टेलिव्हिजनचा 'दूरदर्शन' केला तसा.

त्या 'हलैफ्स'चं इंग्रजी भावंडही अजून हयात आहे, 'लोफ'. जुन्या इंग्रजीत ते 'हलाफ' होतं. घरातला जो पावाची राखण करतो तो 'हलाफ-वेअर्ड', आणि हाच घासून घासून 'लॉर्ड' झाला. कणीक मळणारी ती 'हलाफ्दिगे', तीच 'लेडी'. पाव राखणारा, पाव मळणारी आणि पाव सोबत खाणारा. त्या समाजात माणसांची नाती पावावरून मोजली जात होती, हे या तीन शब्दांतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं मोठ्या इतिहासग्रंथातही दिसत नाही.

मराठी वाचकाला यात परकं काय वाटेल? आपल्याकडे 'रोटीव्यवहार' हा शब्द आहे. कोणाकडे जेवायचं, कोणाला पंगतीला घ्यायचं, कोणाला नाही, यावर आपल्या समाजाने शतकानुशतकं माणसं जोडली आणि तोडलीही. कॉम्पानियो म्हणजे ज्याच्याशी रोटीव्यवहार आहे तो. इतकं चपखल भाषांतर मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडलं नाही.

पुढचा प्रवास भराभर झाला. जुन्या फ्रेंचमध्ये कॉम्पानियोंचा समूह तो 'कोंपान्यी'. 12व्या-13व्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता सोबत, मेळा, जथा. मग सैनिकांची तुकडी. मग एकत्र भांडवल घालून व्यापार करणाऱ्यांचा संघ. 31 डिसेंबर 1600 रोजी राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांना ईस्ट इंडिया कंपनीची सनद दिली, आणि दीडदोन शतकांनी आपल्या मुलखात 'कंपनी सरकार' हा शब्द रूढ झाला. एकत्र पाव खाणारे लोक इथे राज्य करू लागले होते. पण मराठीने हाच शब्द नाटकाच्या मंडळीलाही दिला, आणि तिथे तो जुन्या अर्थाच्या जवळ परत गेला. नाटक कंपनीत माणसं एकत्र राहत, एकत्र प्रवास करत, एका पंगतीला जेवत. गोव्यात जत्रेतल्या नाटकाच्या आठवणी काढणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा, नाटकाइतकंच त्या पंगतीबद्दल सांगतील.

भाच्याला आता चेव चढला. त्याने पत्रातलं पॅन कार्ड दाखवलं. "हा पण पानिस?" नाही. हा तर शब्दच नव्हे, पर्मनंट अकाउंट नंबर यांची आद्याक्षरं आहेत. बरं, मग आमलेटाचा पॅन? तोही नाही, भांड्याच्या पॅनचं कूळ वेगळं. पॅन्डेमिकमधला पॅन? तो ग्रीक, 'सर्व' या अर्थाचा. आणि मुलाखत घेणारं पॅनेल? ते लॅटिनमधूनच आलेलं, पण 'पानुस' म्हणजे कापडाचा तुकडा, त्यावरून. पाच शब्दांची सुरुवात एकच, आणि मुळं पाच ठिकाणी. म्हणून पुन्हा सांगतो, कानावर भिस्त ठेवू नये.

पत्रातला पुढचा शब्द सॅलरी. याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा, लॅटिनमध्ये मीठ म्हणजे 'साल', म्हणून सॅलरी. यातला अर्धा भाग खरा आहे. लॅटिन 'सालारियुम' म्हणजे वेतन, भत्ता, आणि त्या शब्दात मीठ नक्की आहे. पण सैनिकांच्या हातावर मीठ ठेवत असत, असं सांगणारा एकही प्राचीन पुरावा नाही. रोमन सैनिकाचं वेतन नाण्यांत मोजलं जाई. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी मिठाचं माहात्म्य सांगताना सालारियुमचा संबंध मिठाशी जोडतो, बस इतकंच. मीठ विकत घेण्यासाठीचा भत्ता वगैरे तपशील नंतरच्या लोकांनी भरले. 'खाल्ल्या मिठाला जागणं' म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही कथा चटकन पटते, हे मला समजतं. मिठागरं पाहत वाढलेल्या गोंयकाराला तर अधिकच. तरी पुरावा जिथे थांबतो तिथे आपणही थांबावं.

आणि ज्या शब्दाची गोष्ट कोणी सांगत नाही तो आपला 'पगार'! मला तो सॅलरीहून कितीतरी सुंदर वाटतो. पोर्तुगीज 'पागार' म्हणजे पैसे देणं, चुकतं करणं. त्याच्या मागे लॅटिन 'पाकारे' म्हणजे शांत करणं. त्याच्याही मागे 'पाक्स' म्हणजे शांतता. मध्ययुगीन लॅटिनमध्ये पाकारेचा अर्थ 'धनकोचं समाधान करणं' असा झाला. दारात उभ्या राहिलेल्या सावकाराला शांत करायचं तर काय करावं लागतं, हे सांगायला नको. तिथून तो 'पैसे देणं' झाला. पोर्तुगीजने मधल्या 'क'चा 'ग' केला, नियमाने: लॅटिन 'अमीकुस' म्हणजे मित्र, पोर्तुगीज 'अमीगु'. फ्रेंचने तोच 'क' गिळून टाकला: 'अमी', आणि पाकारेचा 'पेये'. त्या फ्रेंच वाटेने इंग्रजीत आला 'पे', म्हणजे पत्रातलं पेमेंट. शांततेचा 'पीस' शब्दही इंग्रजीत पाक्सवरूनच, फ्रेंचमार्गे. आणि पॅसिफिक महासागर, ज्याला मॅगेलन या पोर्तुगीज दर्यावर्दीने 1520 मध्ये शांत समुद्र म्हणून हे नाव दिलं, तोही याच घरातला. पगार, पेमेंट, पीस, पॅसिफिक. महिनाअखेरीला पगार जमा झाल्याचा मेसेज आल्यावर घरात जी शांतता पसरते, ती या शब्दात दोन हजार वर्षांपासून आहे.

बोनसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लॅटिन 'बोनुस' म्हणजे चांगला. 18व्या शतकात लंडनच्या शेअरबाजारातल्या लोकांनी तो जसाच्या तसा उचलला. पण जुन्या गोव्यातल्या 'बॉम जेझूस' बॅसिलिकेच्या नावात जो 'बॉम' आहे, तो याच बोनुसचा पोर्तुगीज वंशज, आणि बोआ तार्दमधली बोआ त्याची स्त्रीलिंगी बहीण. बोनसमध्ये 'न' राहिला कारण तो थेट लॅटिन पुस्तकातून उचलला, लोकांच्या तोंडातून झिजत आला नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तोंडोतोंडी आलेला शब्द गुळगुळीत होतो, पुस्तकातून उचललेला टोकदार राहतो. आपल्याकडे 'हस्त' आणि 'हात' दोन्ही आहेत, तसंच.

चावी हा माझा सगळ्यात आवडता. 'कुलूपचावी' असं आपण एका दमात म्हणतो. कुलूप आलं अरबी 'कुफ्ल'वरून, त्यात 'फ' आणि 'ल'ची अदलाबदल झाली. चावी आली पोर्तुगीज 'शाव्ह'वरून, आणि ती लॅटिन 'क्लाविस'वरून. म्हणजे दाराला कुलूप अरबांचं आणि चावी रोमनांची. अस्सल देशी 'किल्ली' आहेच, ती 'कीला'च्या म्हणजे खिळ्याच्या घराण्यातली.

पण क्लाविसमधून चावी कशी निघेल? पुन्हा रांग पाहा. लॅटिनमधल्या सुरुवातीच्या 'क्ल', 'प्ल', 'फ्ल' यांचा पोर्तुगीजमध्ये 'च' झाला. पाऊस, लॅटिन 'प्लुविया', पोर्तुगीज 'शुव्हा'. ज्योत, लॅटिन 'फ्लाम्मा', पोर्तुगीज 'शामा'. हाक मारणं, 'क्लामारे', पोर्तुगीज 'शामार'. तुम्ही म्हणाल, मी 'च' म्हणतो आणि उदाहरणं 'श'ची देतो. लिस्बनमध्ये आज 'श'च म्हणतात. पण 16व्या शतकात तो उच्चार 'च' होता. पोर्तुगीजांनी नंतर तो बदलला, आपण नाही. गोव्यात आलेल्या पहिल्या पोर्तुगीजांनी किल्लीला काय म्हटलं, त्याचा आवाज मराठीने पाचशे वर्षं जपून ठेवला आहे. रोज दार उघडताना आपण तो उच्चारतो.

तीच चावी इंग्रजीत 'कॉन्क्लेव्ह'मध्ये आहे. 'कॉन' अधिक 'क्लाविस', चावीने बंद करता येणारी खोली. मे 2025 मध्ये नवे पोप निवडायला कार्डिनल सिस्टिन चॅपेलमध्ये बसले, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत हा शब्द रोज होता, कारण गोव्याचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव हेही मत देणाऱ्यांत होते. 8 मे रोजी चौदावे लिओ निवडले गेले. चावीचा हा रिवाज फार जुना. 1268 मध्ये पोप वारले आणि इटलीतल्या व्हितेर्बो गावी जमलेल्या कार्डिनलांचं जवळजवळ तीन वर्षं एकमत होईना. गावकऱ्यांनी त्यांना कोंडून घातलं, छप्पर काढलं, अशी हकीकत सांगतात. शेवटी 1271 मध्ये दहावे ग्रेगरी निवडले गेले. त्यांनी 1274 मध्ये नियमच घालून दिला: कार्डिनलांना बंद ठेवायचं, तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणि आणखी पाच दिवस गेले तर फक्त पाव, वाईन आणि पाणी. चावी आणि पाव तिथेही शेजारी शेजारी.

ताई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "मग आपले स्वतःचे शब्द आणि लॅटिन यांचं काहीच नाही? सगळं उसनंच?" तसं नाही. उसनवारीच्या या दोन वाटांच्या खूप आधीची तिसरी एक वाट आहे, आणि ती ओळखणाऱ्या पहिल्या युरोपियांपैकी दोघं गोव्याच्या मातीत निवर्तले. त्यातले एक फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडचे जेझुइट पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू, 1579 मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले, आणि त्यांचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. दुसरा फ्लोरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती. त्याने त्याच दशकात घरी लिहिलेल्या पत्रांत देव, सर्प आणि सात, आठ, नऊ हे आकडे आपल्या इटालियनशी जुळतात असं लिहिलं. तो 1588 मध्ये गोव्यात वारला. संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्सने कलकत्त्यात हाच विचार जाहीरपणे मांडला तो 1786 मध्ये, दोनशे वर्षांनी.

हे नातं उसनवारीचं नाही, रक्ताचं आहे. संस्कृत आणि लॅटिन एका आणखी जुन्या भाषेच्या लेकी. म्हणून सप्त आणि 'सेप्तेम', अष्ट आणि 'ओक्तो', दंत आणि 'देंतेम', पाद आणि 'पेदेम'. डेंटिस्ट आपल्या दाताचा चुलतभाऊ आहे, आणि सायकलचा पेडल आपल्या पायाचा, शिवाय पावशेरातल्या पावाचाही. इथेही रांग हवीच. संस्कृतात जिथे 'श' तिथे पुष्कळदा लॅटिनमध्ये 'क': दश आणि 'देकेम', शत आणि 'केंतुम'. पीएफच्या 12 पर्सेंटमधला 'सेंट' हा केंतुम, आपल्या 'शेकडा'मधल्या शंभराचा नातलग. आणि रांगेबाहेरचं सोडायचं. देव आणि लॅटिन 'देउस' नातलग आहेत, पण देव आणि ग्रीक 'थेओस' नाहीत, कानाला आणि अर्थाला कितीही जवळ वाटले तरी. त्यांचे आवाज नियमाने जुळत नाहीत.

उंडे संपले. ताईने टोपलीत पाहिलं, दोन काकणं उरली होती, ती चहाबरोबर गेली. पोदेराच्या टोपलीत लॅटिन किती आहे हेही सांगून टाकतो: पाव आणि पोदेर, दोनच शब्द. उंडा हा आपला कणकेचा उंडा, काकण म्हणजे हातातलं काकण, कात्रे म्हणजे कातरलेले, आणि पोळी म्हणजे कोंड्याची ती चपटी रोटी, जिच्यामुळे पुण्यामुंबईचे पाहुणे गोव्यात हमखास फसतात. तसंच पोर्तुगीज बोटीतून उतरलं ते सगळं लॅटिन असंही समजू नका. काजू ब्राझीलच्या तुपी लोकांचा शब्द, बटाटा कॅरिबियन बेटांवरचा.

निघताना भाच्याने पत्र घडी करून खिशात घातलं. बाहेर थंड वारा सुटला होता. आमच्या घरात कोंकणीची सवय, त्यामुळे तो सहज म्हणाला, "मामा, जनेल लावू?"

जनेल म्हणजे खिडकी. पोर्तुगीज 'जनेला', लॅटिनमधल्या 'यानुआ'वरून. यानुआ म्हणजे दार, त्याचं लहान रूप म्हणजे खिडकी. रोमनांचा दारांचा देव यानुस. त्याला दोन तोंडं, एक आत पाहणारं आणि एक बाहेर, आणि त्याच्याच नावाने वर्षाचा एक महिना आहे. मी भाच्याला म्हटलं, पत्र पुन्हा काढ आणि रुजू व्हायची तारीख वाच.

"2 जानेवारी," तो म्हणाला, आणि जनेल लावायला गेला.